बाटली क्रमांक ५३-एन आणि परळचे हाफकिन

दादरचे शिवाजी पार्क मुंबई महापालिकेने १९२५ साली तयार केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क असे होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. याच १९२५ साली, या मैदानापासून फार लांब नसलेल्या परळच्या जुन्या राजभवनातील सरकारी प्रयोगशाळेचेही नामांतर झाले आणि ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन्ही घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र दोहोंच्या मुळाशी एकच आपत्ती होती. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या कोंदट चाळी आणि अंधाऱ्या गल्ल्या उघड्या पाडल्या. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहर उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर, रुंद रस्ते आणि मैदाने राखून वाढवण्याचा विचार मूळ धरू लागला. त्याच प्लेगने ओडेसा येथील एका ज्यू प्राणिशास्त्रज्ञाला परळच्या वाड्यात आणून बसवले. मुंबईकर रोज त्याचे नाव बसथांब्यावर आणि रुग्णालयांच्या पत्त्यांत उच्चारतात. त्याच्या आयुष्याची हकीकत मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी झाला. तेथील विद्यापीठात शिकत असताना त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले आणि काट्याभोवती शरीरातील भटक्या पेशी गोळा होताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळून टाकणाऱ्या या पेशींना पुढे भक्षकपेशी हे नाव मिळाले. रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात ही आज शाळकरी मुलांनाही माहीत असलेली गोष्ट त्या काळी बहुतेक वैद्यांना वेडगळ वाटत होती. हाफकिन यांची जडणघडण या कल्पनेच्या छायेत झाली. रोगाला तोंड देण्याची शक्ती शरीरात जागी करता येते, हा विश्वास त्यांना विद्यार्थिदशेतच मिळाला.

विद्यापीठातील दिवस सुखाचे नव्हते. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील ज्यू वस्तीचे रक्षण करणाऱ्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी शब्द टाकल्यामुळे त्यांची सुटका झाली. पदवी मिळाली तरी विद्यापीठात अध्यापकाची जागा हवी असेल तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली आणि काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ साली देश सोडला. जिनीव्हात काही काळ घालवून ते पॅरिसला, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. मेचनिकॉफ तेथे आधीच स्थिरावले होते. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून शिष्याला ग्रंथालयात साहाय्यकाचे काम देण्यात आले. पुढे लाखो लोकांना लस टोचणाऱ्या या माणसाची पॅरिसमधील पहिली नोकरी पुस्तके लावण्याची होती.

प्रयोगशाळेत शिरकाव झाल्यावर त्यांनी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, प्रश्न हाती घेतला. गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक असे एकोणचाळीस वेळा नेल्यावर पटकीच्या जंतूंचा जोर वाढून एका ठरावीक पातळीवर स्थिर होतो, असे त्यांना आढळले. दुसरीकडे, अधिक तापमानात सतत हवा खेळवून वाढवलेले जंतू दुबळे होत. आधी दुबळ्या, मग जोरकस जंतूंची टोचणी दिली की प्राणी वाचत. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आपले निष्कर्ष पॅरिसच्या जीवशास्त्र सभेपुढे मांडले.

लस खरी उतरते की नाही हे पाहायचे तर पटकी जेथे दरवर्षी येते तेथेच जायला हवे होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास आले. रशियन प्रजाजन, धर्माने ज्यू आणि वैद्यकाची पदवी नसलेला हा गृहस्थ सरकारी डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपावा यात नवल नव्हते. पहिल्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या काठल बागान या झोपडवस्तीत १८९४ साली पटकी शिरली, तेव्हा सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

या ठिकाणी हाफकिन यांच्या कामातील मुख्य अडचण समजून घ्यावी लागते. लस टोचलेल्या माणसाच्या शरीरात रोगप्रतिकाराची शक्ती खरोखर निर्माण झाली आहे का, हे त्याचे रक्त तपासून सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. मेचनिकॉफ यांनी पेशी दाखवल्या होत्या, पण एका माणसाच्या पेशी किती समर्थ आणि दुसऱ्याच्या किती दुबळ्या, हे मोजण्याचे माप कोणाकडे नव्हते. १८९६ साली विडाल यांनी विषमज्वराच्या रोग्याच्या रक्तजलात जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात हे दाखवले. त्याच वर्षी माँट्रियल येथील वायट जॉन्स्टन यांनी कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंबही त्या चाचणीला चालतो हे सिद्ध केले. दूरच्या गावातील डॉक्टरने बोटाचा थेंब कागदावर टिपून टपालाने शहरातील प्रयोगशाळेत धाडावा, ही पद्धत अशी सुरू झाली. ही तपासणी रोगाच्या निदानाची होती. लशीने आलेली ताकद मोजण्यास ती अपुरी होती. म्हणून हाफकिन यांनी दुसरा मार्ग पत्करला. एकाच ठिकाणी राहणारी, एकच अन्न खाणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी माणसे घ्यायची, त्यांतील निम्म्यांना लस द्यायची आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करायची. रक्ताच्या तपासणीचे काम हाफकिन यांनी असे हिशेबाच्या वहीकडून करून घेतले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस पाचारण केले. शहरातून लाखो लोक गावाकडे पळत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना एक खोली आणि व्हरांड्याचा एक तुकडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. रोग्याच्या काखेतील किंवा जांघेतील गाठीतून सुईने द्रव काढायचा, तो काचेच्या नळीत घेऊन प्रयोगशाळेत आणायचा आणि त्यातील जंतू वाढवायचे, असे हे काम होते. सुई जरा इकडची तिकडे झाली तर काढणाऱ्याचाच मृत्यू ओढवण्याचा धोका होता. साहाय्यकांपैकी एकाचे मन या ताणाखाली ढासळले आणि दोघांनी काम सोडले, यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही.

जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागे. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान दोघेही लस नाकारतील, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. काचेच्या मोठ्या चंबूत हा रस भरून वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे काही थेंब सोडत. तुपाच्या तवंगाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. गुहेच्या छताला चुनखडीचे झुंबर लटकावे तसे ते दिसे. काही दिवसांनी चंबू हलवला की झुंबर तुटून तळाशी जाई आणि वर नवे लागे. असे सुमारे सहा आठवडे चाले. मग चंबू ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारत आणि सुरक्षिततेसाठी त्यात थोडे कार्बॉलिक ॲसिड घालत. मेलेल्या जंतूंची ही लस होती. मुंबईकरांच्या स्वयंपाकघरातील तुपाला जागतिक वैद्यकात असे अनपेक्षित स्थान मिळाले.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लशीची मोठी मात्रा, इतरांना पुढे दिली गेली त्याहून कितीतरी जास्त, स्वतःच्या अंगात टोचून घेतली. डॉ. सर्व्हेयर यांनी सुई चालवली. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, तरी हाफकिन कामावरून हलले नाहीत. याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी स्वखुशीने पुढे आलेल्यांना लस देण्यात आली. हे जवळजवळ निम्मे होते. पुढील काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. आकडे लहान होते, पण गजांआडच्या त्या वस्तीत अन्न, पाणी आणि हवा सर्वांना सारखीच होती, हे त्यांचे बळ होते.

त्याच १८९७ च्या मार्चमध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. जूनमध्ये रँडचा वध झाला. घरात सोजिरांनी शिरून झडती घेणे, रोग्याला बळाने उचलून नेणे, सामान जाळणे, अशा उपायांनी लोक सरकारवर जळत होते. त्या वातावरणात गोऱ्या माणसाच्या हातातील सुईवर विश्वास बसणे अवघड होते. लशीमुळे माणूस नपुंसक होतो, सरकारने मुद्दाम विष धाडले आहे, अशा अफवा उठल्या. हाफकिन यांची टोचणी ऐच्छिक होती आणि लोकांच्या पुढाऱ्यांनी आधी दंड पुढे करावा असा त्यांचा प्रयत्न असे. तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली.

बडोदे संस्थानातील उंढेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये झालेली चाचणी हाफकिन यांच्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणता येईल. गावात प्लेग चालू होता. प्रत्येक कुटुंब समोर बसवून त्यातील निम्म्या माणसांना, वय आणि प्रकृतीचा तोल राखत, लस देण्यात आली. सुमारे सहा आठवड्यांनी मोजदाद झाली. प्लेग शिरलेल्या अठ्ठावीस घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले होते आणि २६ मेले होते. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणारे भाऊ, त्यांतील एक जगला आणि एक गेला, असे हे आकडे होते. आजच्या नैतिक कसोट्यांवर ही चाचणी उतरणार नाही. पण त्या काळी संशयी सरकारला आणि त्याहून संशयी डॉक्टरांना दुसरे कोणतेही प्रमाण पटले नसते.

१८९८-९९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने मुंबईत साक्षी घेतल्या. त्या आयोगात आल्मरॉथ राइट हे ब्रिटिश लष्करी वैद्यकातील नामवंत शास्त्रज्ञ होते. राइट यांची हाफकिन यांच्याशी जुनी ओळख होती आणि विषमज्वराच्या लशीचा मार्ग त्यांना हाफकिन यांच्या कामातूनच सुचला होता. लस उपयोगी आहे हे आयोगाने मान्य केले, पण तिची मात्रा नेमकी नाही, एका चंबूतील लस दुसऱ्या चंबूतील लशीइतकीच जोरकस आहे हे सांगता येत नाही, असा आक्षेपही घेतला. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. याच राइट यांनी पुढे १९०३ मध्ये स्ट्युअर्ट डग्लस यांच्यासह रक्तपेशींच्या कार्यक्षमतेची मोजता येणारी चाचणी तयार केली. हाफकिन यांना मुंबईत ज्या मापाची उणीव भासत होती, त्याच्या जवळ जाणारे हे माप होते.

ती चाचणी अशी. रोग्याचे बोट टोचून येणारे रक्त वाकड्या काचनळीत घ्यायचे आणि नळीची टोके ज्योतीवर वितळवून बंद करायची. ही नळी प्रयोगशाळेत आली की रक्त गोठून वर आलेले स्वच्छ रक्तजल वेगळे काढायचे. त्यात निरोगी माणसाच्या ताज्या, धुतलेल्या पांढऱ्या पेशी आणि जंतूंचे पाणी समप्रमाणात मिसळून शरीराच्या तापमानावर पाव तास ठेवायचे. मग काचपट्टीवर पसरून, रंगवून, प्रत्येक पेशीने किती जंतू गिळले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. सोबत निरोगी माणसाचे रक्तजल वापरून तीच मोजणी करायची आणि दोन्हींचे गुणोत्तर काढायचे. यात एक मेख होती. रक्तजल टिकाऊ असते, ते बंद नळीतून टपालाने प्रवास करू शकते. पेशी जिवंत असतात आणि प्रवासात मरतात. म्हणून राइट यांच्या चाचणीत परगावाहून येई ते रक्तजल, पेशी मात्र प्रयोगशाळेतल्याच असत. रोग्याच्या स्वतःच्या पेशी काम करतात की नाही, हे कळण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

तो प्रश्न आज परळमध्येच, हाफकिन इन्स्टिट्यूटपासून जवळ, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत रोज हाताळला जातो. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान करते. काही बालकांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण गिळलेल्या जंतूंना मारणारी रासायनिक प्रक्रियाच त्यांच्यात नसते. अशा बालकाला वारंवार गळवे होतात, फुप्फुसात बुरशी वाढते. तपासणीसाठी त्याच्या रक्तातील पेशी जिवंत हव्यात. म्हणून अशा चाचणीचे रक्त साधारणपणे हेपरिन घातलेल्या नळीत घेतात, बर्फात न ठेवता खोलीच्या तापमानावर पाठवतात आणि ते चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावे अशी धडपड करतात. नळी फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या काळजीवाहू माणसाकडून नमुना निकामी होऊ शकतो. त्याच वेळी, त्याच पद्धतीने एका निरोगी माणसाचे रक्तही घेऊन सोबत धाडतात. वाटेत उन्हाने किंवा उशिराने पेशी मेल्या असतील तर त्या निरोगी नमुन्यातही मेलेल्या दिसतात, आणि दोष रोग्याचा की प्रवासाचा हे ठरवता येते. उंढेऱ्याच्या घरांत लस न घेतलेल्या निम्म्यांचे जे स्थान होते, तेच या दुसऱ्या नळीचे. हाफकिन यांच्यावर पुढे जे संकट आले त्यात अशी सोबतीची नळी नव्हती.

१० ऑगस्ट १८९९ रोजी त्यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या काळापासूनची ही वास्तू. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे १८८२ साली पटकीने मृत्यू झाला आणि काही वर्षांतच गव्हर्नरांनी मलबार पॉइंटवर मुक्काम हलवला. पटकीने रिकाम्या केलेल्या त्या दिवाणखान्यांत पटकीच्या लशीचा जनक प्लेगची लस तयार करू लागला. बॉलरूममध्ये चंबूंच्या रांगा लागल्या. येथून बाटल्या देशभर जात. मागणी इतकी वाढली की पंजाब सरकारने एकदम लाखो मात्रा मागितल्या. काम लवकर उरकावे म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत फेरफार केले. त्यातला एक म्हणजे कार्बॉलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करणे. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हे मान्य होते. पण परळच्या दप्तरी नियम वेगळा होता, आणि हा फेरफार त्यांना महागात पडला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यातल्या मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून ज्या एकोणीस जणांना लस मिळाली, त्या सर्वांना सुमारे आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि एकोणीसही जण मेले. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. दोष या एका बाटलीतच होता याविषयी शंका उरली नाही. प्रश्न एवढाच होता की धनुर्वाताचे जंतू तिच्यात केव्हा शिरले, परळला बूच लावण्यापूर्वी की मुलकोवालला बूच काढताना?

चौकशीत असे निघाले होते की बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात जेमतेम बुडवून पुन्हा वापरला आणि त्यानेच बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत, विशेषतः जनावरांच्या शेणाने भरलेल्या मातीत राहतात. तरीही मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील तीन जणांच्या आयोगाने बाटली परळलाच दूषित झाली असा निष्कर्ष काढला आणि कार्बॉलिक वगळल्याकडे बोट दाखवले. आयोगाच्या मनात अन्य हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु परका, ज्यू, डॉक्टर नसलेला आणि हाताखालच्यांना कडक वाटणारा संचालक दोषी ठरणे अनेकांना सोयीचे होते, हे नाकारता येत नाही. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. दीर्घ काळ ते विनावेतन होते. हिंदुस्थान सरकारने अहवाल आणि कागदपत्रे १९०६ पर्यंत प्रसिद्ध केली नाहीत, त्यामुळे स्वतःचा बचाव जाहीरपणे मांडण्याची वाटही त्यांना तोपर्यंत बंद होती.

कागद उघड झाल्यावर हिवतापाचा प्रवास डासातून शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या मदतीस धावले. रॉस यांचा युक्तिवाद साधा आणि कठोर होता. बाटली आठवडेच्या आठवडे बंद होती. धनुर्वाताचे जंतू आधीपासून तिच्यात असते तर तेवढ्या काळात ते भरमसाट वाढले असते, त्यांचे विष साचले असते, बाटली उघडताच दुर्गंधी सुटली असती आणि टोचलेल्यांना एक-दोन दिवसांतच झटके आले असते. प्रत्यक्षात बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना वास आला नव्हता आणि रोग आठवड्याने दिसला. म्हणजे थोडेसे जंतू, नुकतेच, बाटली उघडतानाच शिरले. रॉस यांनी १९०७ च्या मार्चमध्ये हा विषय उचलून धरला. २९ जुलै १९०७ च्या लंडन टाइम्समध्ये रॉस यांच्यासह दहा अग्रगण्य जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही आयोगाचा निष्कर्ष टिकत नसल्याचे म्हटले. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरण लोकांच्या स्मरणात ताजे होते, त्यामुळे या प्रकरणाला धाकटे ड्रायफस प्रकरण असे नाव पडले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण परळला नव्हे. कलकत्त्यास त्यांना जागा देण्यात आली. तेथे लस तयार करण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. संशोधनाच्या नावाखाली ही एक सन्माननीय अडगळच होती. पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पॅरिसजवळ राहू लागले. लहानपणी दूर गेलेल्या धर्माचरणाकडे ते पूर्णपणे वळले. १९१६ साली त्यांनी सनातन ज्यू आचाराच्या समर्थनार्थ एक निबंध लिहिला. बंदिस्त बाटली कोठे आणि कोणाकडून दूषित झाली याचा आयुष्यभर जाब द्यावा लागलेल्या माणसाला शुद्धाशुद्धीचे काटेकोर नियम जवळचे वाटले असतील, असा तर्क करण्याचा मोह होतो. तो तर्कच. त्यांनी स्वतः तसे कोठे लिहिलेले नाही.

परळच्या प्रयोगशाळेचे नाव मध्यंतरी बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे झाले होते. संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये ते हाफकिन इन्स्टिट्यूट झाले. तोवर १८९७ पासूनच्या हिशेबात प्लेगच्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक मात्रा मुंबईतून बाहेर पडल्या होत्या. ज्या इमारतीतून एकदा अपमानित होऊन जावे लागले, तिच्या दारावर जिवंतपणी आपले नाव लागलेले पाहण्याचे भाग्य थोड्यांना मिळते. पण हाफकिन ते पाहण्यास आले नाहीत. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले.

पुढे हाफकिन ओडेसाला जाऊन आले. १९२८ पासून ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहत होते. त्यांनी लग्न केले नव्हते. पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांना मदत करण्यासाठी त्यांनी आपली मिळकत एका निधीत ठेवली. त्या पाठशाळांतील मुलांनी धर्मशिक्षणासोबत एखादा व्यवसाय किंवा विज्ञान शिकावे अशी त्यांची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, लोझान येथेच त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.